वशिल्याकडून अर्जाकडे

नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाच्या तोंडी चार शब्द वारंवार येतात : उमेदवार, अर्ज, वशिला आणि मुलाखत. हे चारही शब्द फारसी-अरबी दरबारी भाषेतून मराठीत आले आणि येथे इतके रुळले की, त्यांचे परकेपण आज कोणाला जाणवतही नाही. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला; अर्ज म्हणजे वरिष्ठापुढे मांडलेली विनंती; वशिला म्हणजे ज्याच्या आधाराने वर पोहोचावयाचे ते साधन; आणि मुलाखत म्हणजे भेट. जुन्या काळच्या नोकरशोधाची सारी कथा या चार शब्दांत सामावलेली आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या चौकडीतून तिसऱ्या शब्दाला हद्दपार करण्याचा एक दीर्घ प्रयत्न झाला. तो कसा झाला आणि कितपत साधला, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अर्जाच्या कागदावरील रकाने निरर्थक वाटणार नाहीत.

जुन्या व्यवस्थेत नोकरी ही मागावयाची वस्तू नव्हती. ती मिळावयाची असे. आपल्याकडे देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, पाटील ही पदे वतनाची होती. बापामागून मुलाने ती चालवावीत, हा त्या काळचा न्याय होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अमात्यांची पारख करण्यासाठी धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार प्रकारच्या गुप्त कसोट्या सांगितल्या आहेत. म्हणजे परीक्षेची कल्पना या देशाला नवी नव्हती. परंतु ती परीक्षा राजाच्या नजरेत आधीच भरलेल्या माणसाची होती. ज्याला कोणी ओळखत नाही अशा माणसाने आपण होऊन पुढे यावे आणि आपल्याला पारखून घ्या असे म्हणावे, अशी सोय तीत नव्हती. पुढे इंग्रजी अमलातील कचेऱ्यांतही होतकरू मुलगा एखाद्या कारकुनाच्या हाताखाली पगारावाचून राबत असे आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहत असे. ‘उमेदवारी करणे’ हा वाक्प्रचार त्याच रिवाजाची आठवण आहे.

विलायतेतही याहून फार निराळे चित्र नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकरीत शिरावयाचे, तर कंपनीच्या एखाद्या संचालकाची मेहेरनजर लागे. प्रत्येक संचालकाच्या वाट्याला काही नेमणुका येत आणि त्या तो आपल्या पुतण्या-भाच्यांना व स्नेह्यांच्या मुलांना देई. या नेमणुकांची चोरून विक्रीही होत असे. १८०९ साली पार्लमेंटच्या समितीला त्या प्रकाराची चौकशी करावी लागली. १८०६ साली कंपनीने आपल्या भावी अधिकाऱ्यांसाठी एक महाविद्यालय स्थापन केले. तेच पुढे हेलीबरी या नावाने प्रसिद्धीस आले. तेथे शिक्षण होते, परीक्षाही होत्या; परंतु महाविद्यालयाच्या दारातून आत जाण्यास संचालकाची चिठ्ठी लागतच होती. थोडक्यात, ज्ञान वशिल्यानंतर येत होते.

हा क्रम उलटविला तो १८५३ च्या कायद्याने. त्या कायद्याने संचालकांचा नेमणुकीचा अधिकार काढून घेतला आणि स्पर्धा-परीक्षा कशी घ्यावी हे ठरविण्यासाठी मेकॉले यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. १८५४ साली तिचा अहवाल आला आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली खुली परीक्षा झाली. हेलीबरीचे दार १८५८ साली बंद झाले. आता वयाच्या व चारित्र्याच्या अटी पुऱ्या करणाऱ्या कोणालाही अर्ज करता येणार होता. अर्जदाराचा चुलता कोण, हा प्रश्न निदान कागदावर तरी उरला नव्हता. कागदावरच्या या बदलाचे महत्त्व कमी लेखू नये. ज्या दिवशी अनोळखी माणसाचा अर्ज घेणे अधिकाऱ्याला भाग पडले, त्या दिवशी अर्जाचा अर्थ विनंतीकडून हक्काकडे झुकू लागला.

तथापि दार उघडे असणे आणि दारापर्यंत पोहोचता येणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. मेकॉले समितीने सुचविलेल्या गुणांच्या कोष्टकात ग्रीक भाषेला ७५० आणि लॅटिनला ७५० गुण होते. संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. हिंदुस्थानचा कारभार करण्यासाठी निवडावयाच्या माणसाला हिंदुस्थानच्या प्राचीन भाषेपेक्षा रोमची भाषा दुप्पट उपयोगी ठरणार होती! शिवाय परीक्षा लंडनमध्ये. समुद्र ओलांडण्याचा खर्च, जातीबाहेर पडण्याचे भय आणि परक्या देशात राहून करावयाचा अभ्यास, एवढे डोंगर चढून गेल्यावर अर्जाचा कागद हाती पडत असे. हे सारे करून १८६३ साली सत्येंद्रनाथ ठाकूर उत्तीर्ण झाले आणि सनदी सेवेतील पहिले भारतीय ठरले. रवींद्रनाथांचे हे वडील बंधू. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि सातारच्या न्यायाधीशपदावरून ते निवृत्त झाले.

यानंतरची १८६९ ची हकीकत प्रत्येक अर्जदाराने लक्षात ठेवावी अशी आहे. त्या वर्षी चार भारतीय तरुण एकदम उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर. आनंदाची वार्ता मायदेशी पोहोचते न पोहोचते तोच एक विघ्न उभे राहिले. परीक्षा घेणाऱ्या आयुक्तांनी सुरेंद्रनाथ आणि श्रीपाद बाबाजी या दोघांची नावे यादीतून काढून टाकली. कारण काय, तर वय. परीक्षेची कमाल वयोमर्यादा एकवीस वर्षांची होती आणि या दोघांनी स्वदेशी मॅट्रिकच्या परीक्षेला बसताना जे वय लिहून दिले होते, त्यावरून हिशेब केला असता ते मर्यादेपलीकडे जात होते.

त्यांनी खोटे लिहिले होते काय? मुळीच नाही. सुरेंद्रनाथांचा जन्म १८४८ च्या नोव्हेंबरातला. १८६३ साली मॅट्रिकच्या वेळी त्यांनी आपले वय सोळा लिहिले. आपल्याकडे वय सांगण्याची रीत चालू वर्षाची. पंधरा पुरी होऊन सोळावे लागले की माणूस सोळा वर्षांचा म्हणावयाचा. मराठी घरांतूनही ‘सोळावे चालू आहे’ असेच सांगितले जाई. इंग्रजी रीत पुऱ्या झालेल्या वर्षांची. आयुक्तांनी सोळा हा आकडा इंग्रजी रीतीने वाचला, आणि विशीतला तरुण त्यांच्या हिशेबात एकविसाच्या पलीकडे गेला. एका रकान्यातील एका आकड्याने परीक्षेचे सारे यश पुसून टाकले.

या दोघांनी हार खाल्ली नाही, आणि केवळ दयेची याचनाही केली नाही. क्वीन्स बेंच या न्यायालयात दाद मागण्यात आली. हिंदू लोकांत वय कसे मोजतात, याविषयीचा पुरावा हिंदुस्थानातून मागविण्यात आला. अखेर आयुक्तांना माघार घ्यावी लागली आणि दोघांचीही नावे यादीत परत आली. या प्रकरणाने दोन गोष्टी एकाच वेळी सिद्ध केल्या. पहिली ही की, अर्जातील आकडा वाचणारा माणूस तो आपल्या रीतीने वाचतो, लिहिणाऱ्याच्या मनातील रीतीने नव्हे. दुसरी ही की, एकदा नियम छापला गेला की तो दोन्ही बाजूंना बांधतो. संचालकाची मर्जी फिरली असती, तर तिच्याविरुद्ध दाद मागावयास न्यायालय नव्हते. आयुक्तांच्या हिशेबाविरुद्ध मात्र ते होते.

पण नियम बांधतो, तसा तो आवळताही येतो. १८७६ साली कमाल वयोमर्यादा एकदम एकोणिसावर आणण्याचे ठरले आणि १८७८ पासून ती अमलात आली. वरवर पाहता हा साधा प्रशासकीय फेरफार होता. परंतु मातृभाषेत बालपण घालवून परक्या भाषेत उच्च शिक्षण घेणाऱ्या हिंदी मुलाला एकोणिसाव्या वर्षी लंडनमध्ये स्पर्धेस उभे राहणे जवळजवळ अशक्य होते. अर्ज नाकारावा लागला नाही. अर्ज येणारच नाही, अशी व्यवस्था झाली. त्यापूर्वीच, १८७४ साली, सेवेतून काढले गेलेले सुरेंद्रनाथ या निर्णयाविरुद्ध देशभर फिरले, आणि वयाचा रकाना हा राष्ट्रीय चळवळीचा विषय बनला. परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, ही मागणी दादाभाई नौरोजींनी वर्षानुवर्षे लावून धरली; १८८५ साली मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनातही तिचा ठराव झाला. १८९३ साली ब्रिटिश लोकसभेने त्या अर्थाचा ठराव केला, तरी सरकारने तो अमलात आणला नाही. अखेर १९२२ साली अलाहाबाद येथे पहिली परीक्षा झाली. तोपर्यंत महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांना १९१८ साली लंडनला जाऊनच परीक्षा द्यावी लागली होती, आणि तीत त्यांनी पहिला क्रमांक मिळविला होता.

येथवरचा इतिहास अर्जाचा झाला. मुलाखतीचा इतिहास याहून नाजूक आहे. लेखी परीक्षा उमेदवाराचा चेहरा पाहत नाही. मुलाखतीत मात्र चेहरा, पोशाख, उच्चार, घराणे हे सारे समोर येऊन बसते. म्हणून प्रारंभीच्या स्पर्धा-परीक्षेत व्यक्तिमत्त्वाच्या मुलाखतीला वेगळे गुण नव्हते. १९१७ साली इंग्लंडमधील एका समितीने वरिष्ठ सेवांच्या परीक्षेत अशा तोंडी चाचणीला ३०० गुण द्यावेत असे सुचविले, आणि तेथून ही पद्धत रूढ झाली. युक्तिवाद रास्त होता : उत्तरपत्रिकेवरून पाठांतर कळते, समयसूचकता, संयम आणि सरळपणा हे समोरासमोरच्या बोलण्यावाचून कसे कळावे? तथापि समोरासमोर बसणाऱ्यांपैकी एका बाजूला आपले ग्रहही घेऊन बसण्याची मुभा यामुळे मिळाली.

स्वतंत्र भारतात १ ऑक्टोबर १९२६ पासून चालत आलेल्या लोकसेवा आयोगाला २६ जानेवारी १९५० रोजी संघ लोकसेवा आयोग म्हणून घटनेचे अधिष्ठान मिळाले. घटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत सर्वांना समान संधीचा हक्क दिला. केवळ अर्जाचे दार उघडून भागत नाही, दारापर्यंतची वाटही करावी लागते, हे १८५५ पासूनचे सत्य ओळखून त्याच अनुच्छेदात मागास वर्गांसाठी राखीव जागांची तरतूदही झाली. या तरतुदीची पूर्वपीठिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४३ साली, मध्यवर्ती सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी शेकडा ८⅓ जागा प्रथमच राखून ठेवण्यात आल्या.

एवढे होऊनही मुलाखतीच्या खोलीतील जुने ग्रह एका दिवसात गेले नाहीत. सी. बी. मुथम्मा १९४८ साली परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, तेव्हा त्यांनी विदेश सेवेत जाऊ नये म्हणून मुलाखत मंडळाने त्यांचे मन वळविण्याचा प्रयत्न केला. याच्या उलट प्रकार थोड्याच काळाने ॲना राजम जॉर्ज यांच्या बाबतीत घडला. त्यांना प्रशासन सेवा हवी होती. मंडळाने त्यांना विदेश सेवा किंवा अन्य केंद्रीय सेवा स्त्रियांना अधिक मानवणाऱ्या म्हणून सुचविल्या. एकीला विदेश सेवा अयोग्य ठरत होती, दुसरीला तीच योग्य ठरत होती. म्हणजे प्रश्न योग्यतेचा नव्हता, तर ती बाई होती हाच खरा आक्षेप होता. दोघींनीही मंडळाचे ऐकून घेतले आणि आपली पसंती बदलली नाही. ॲना राजम भारतीय प्रशासन सेवेतील पहिल्या महिला अधिकारी म्हणून ओळखल्या जातात. विवाहानंतर मल्होत्रा झालेल्या याच बाईंनी पुढे मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची धुरा वाहिली. मुथम्मांनी विवाहित स्त्रियांना जाचक ठरणाऱ्या सेवानियमांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि १९७९ साली न्यायालयाने त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले.

मुलाखतीचे वजन किती असावे, हा वादही न्यायालयात गेला. हरियाणातील एका भरतीत मुलाखतीला सामान्य उमेदवारांसाठी शेकडा २२.२ आणि माजी सैनिकांसाठी शेकडा ३३.३ इतके गुण होते. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाण अवाजवी ठरविले आणि संघ लोकसेवा आयोगाच्या तेव्हाच्या प्रमाणाचा, म्हणजे एकूण २०५० गुणांपैकी मुलाखतीला २५० किंवा सुमारे शेकडा १२.२ याचा, दाखला घालून दिला. याच निकालात असेही सांगितले गेले की, आयोगाच्या सदस्याचा जवळचा नातलग उमेदवार असेल, तर त्याच्या मुलाखतीच्या वेळी त्या सदस्याने बाजूला व्हावे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दाराबाहेर घालविलेला चुलता कोठून आत येऊ शकतो, हे न्यायालयाने नेमके हेरले होते. पुढे १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने आपल्या कनिष्ठ पदांच्या भरतीत मुलाखत घेणेच बंद केले.

या दीर्घ इतिहासातून नोकरी शोधणाऱ्या तरुणाने काय घ्यावे? पहिली गोष्ट, अर्ज हा साक्षीचा कागद आहे. त्यावर लिहिलेले प्रत्येक अक्षर एक अनोळखी मनुष्य वाचणार आहे, आणि सुरेंद्रनाथांच्या ‘सोळा’सारखा त्याचा दुसरा अर्थ निघणार असेल, तर तो निघेलच असे धरून चालावे. नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख ही शालान्त प्रमाणपत्रावर जशी आहेत तशीच लिहावीत. एखाद्या दाखल्यावर निराळी असतील, तर निवड होण्याची वाट न पाहता आधीच दुरुस्त करून घ्यावीत. जाहिरात दोनदा वाचावी : पहिल्यांदा आपण पात्र आहोत काय हे पाहण्यासाठी आणि दुसऱ्यांदा वय, शिक्षण व अनुभव कोणत्या तारखेस मोजले जाणार आहेत हे पाहण्यासाठी. मुदतीच्या शेवटच्या दिवसावर विसंबू नये. पाठविलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी, कारण मुलाखतीच्या वेळी मंडळाच्या हाती तोच कागद असतो.

अर्जात जे लिहिले, त्याचे उत्तरदायित्व मुलाखतीत येते. छंद म्हणून इतिहासवाचन लिहिणाऱ्याला कोणते पुस्तक वाचले हे विचारले जाणारच. मग भपक्यासाठी लिहिलेला छंद उमेदवाराच्याच अंगावर उलटतो. आपले गाव, जिल्हा, तेथील पीकपाणी, आपला विषय आणि पूर्वीची नोकरी यांविषयीचे प्रश्न अर्जातूनच उगवतात. म्हणून मुलाखतीची तयारी अर्ज भरतानाच सुरू होते. संघ लोकसेवा आयोगाने आपल्या नियमांत मुलाखतीला उलटतपासणी न म्हणता सहज परंतु हेतुपूर्ण संभाषण म्हटले आहे, आणि उमेदवाराचे लेखी गुण मंडळापुढे ठेवले जात नाहीत. तेव्हा येणारे उत्तर थोडक्यात द्यावे. न येणारे येत नाही असे म्हणावे. आडाखे बांधून दिलेले उत्तर पुढच्या प्रश्नाला जन्म देते, आणि त्या दुसऱ्या प्रश्नाला आडाखाही पुरत नाही. मतभेदाचा प्रसंग आला, तर मुथम्मा आणि ॲना राजम यांचा दाखला समोर ठेवावा : आवाज न चढविता आपल्या निवडीवर ठाम राहता येते.

राहता राहिला वशिला. तो गेला असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. आजही निवड झालेल्या मुलाच्या घरी ‘कोणाकडून काम झाले?’ असे विचारणारा एखादा पाहुणा येतोच, आणि निवड न झालेल्याच्या घरी ‘ओळख नव्हती, म्हणून राहिले’ असे समाधान केले जाते. परंतु संघ लोकसेवा आयोगाच्या नियमांत उमेदवारीसाठी कोणत्याही मार्गाने पाठिंबा मिळविणे हा गैरवर्तनाचा प्रकार मानलेला आहे. ज्या साधनावाचून एके काळी दारातून आत पाऊल टाकता येत नव्हते, तेच साधन आता उमेदवाराला दाराबाहेर काढण्यास कारण होऊ शकते. हा नियम सर्वत्र सारखाच पाळला जातो असे नाही. पण तो मोडला गेला, तर दाद मागता येते.

श्रीपाद बाबाजी ठाकूर यांचे नाव आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. यादीतून खोडलेले आपले नाव त्यांनी परत लिहून घेतले, ते कोणा संचालकाच्या चिठ्ठीने नव्हे, तर आपले वय खरे आहे हे सिद्ध करून. आपल्या खोलीत बसून अर्जाचा रकाना भरणाऱ्या, शहरात कोणाचीही ओळख नसलेल्या मुलाला किंवा मुलीला तेवढाच आधार आहे, आणि तो आधार पुष्कळ मोठा आहे. रकाना लहान असला, तरी त्यात खरे व नेमके तेच लिहावे.